दुसरं शील

बँकेचं नाव मी घेणार नाही. नाव घेतलं की ती लगेच वकील उभा करते, हे आता मला माहीत आहे. आमच्या पिपरी मेघेहून वर्ध्यात शिरताना ती लागते. काचेचं दार, आत थंडगार हवा आणि दाराशी बंदूक घेऊन बसलेला एक म्हातारा. तो बाहेरून येणाऱ्या चोरांसाठी आहे. आतल्यांचं काय करायचं, हे त्याला कोणी सांगितलेलं नसावं.

मी पौर्णिमा. सरकारी कचेरीत बिलं तपासून निवृत्त झाले. नवरा, प्रेमदास, जाऊन सात वर्षं झाली. मुलगा प्रफुल्ल पुण्यात असतो. दोन खोल्या, पुढे पेरूचं झाड, आणि घरात बोलायचं म्हटलं तर मी आणि टीव्ही. टीव्ही ऐकून घेत नाही, एवढाच त्याचा दोष.

आमच्या विहाराची एक जुनी रीत आहे. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला संपतो. हे तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असतं. बाया घरचं आटोपून येतात, दानपेटीत दहा-वीस रुपये टाकतात आणि शेवटच्या दिवशी त्या पैशांतून भोजनदान होतं. त्या वर्षीचं दान त्याच वर्षी संपलं पाहिजे, एक रुपयाही उरता कामा नये. माझी सासू म्हणायची, दान साचलं की भांडण लागतं. तिच्या काळी डबा होता. भोजनदान झालं की तो धुऊन पालथा घालायचा.

मग कोणीतरी म्हणालं की आता डब्याचे दिवस गेले, पैसे बँकेत ठेवा. महिला मंडळाची कुठे नोंदणी नव्हती, म्हणून मंडळाची अध्यक्ष तानाबाई आणि कोषाध्यक्ष मी, अशा दोघींच्या नावानं बचत खातं काढलं. अध्यक्ष म्हणून फोन नंबर तिचा दिला. पहिल्या वर्षी भोजनदान झालं आणि आम्ही डबा पालथा घालावा तसं ते खातं झाडून पुसून रिकामं केलं. पुढचे नऊ महिने त्याकडे कोणी पाहिलं नाही. रिकाम्या डब्यात कोण पाहतं? रिकाम्या डब्याचं भाडं चढत असतं, हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

तानाबाई आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. माझ्याहून थोडी मोठी. तिचं घर भरलेलं आहे: मुलगा रुपेश, सून, दोन नाती आणि कायम कोणीतरी पाहुणा. मराठी अक्षराला अक्षर लावून वाचते, इंग्रजीचं नाव काढायचं नाही. प्रेमदास गेल्यापासून संध्याकाळचा चहा ती माझ्याकडे घ्यायची. म्हणायची, आमच्या घरी फार कल्ला असते, तुझ्याकडे निवांत वाटते. मला एकटं वाटू नये म्हणून ती येते, हे दोघींना माहीत होतं आणि दोघीही बोलत नव्हतो. चहात साखर मात्र ती तिच्या घरच्यासारखी, दोन चमचे जास्त घालायला लावायची.

दुसऱ्या वर्षी भोजनदानाच्या आदल्या दिवशी मी पैसे काढायला गेले, तर चार हजारांच्या वर कमी. काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता सांगितलं की आहेत तेवढेच आहेत. पासबुक छापायचं मशीन बंद. मागे रांग, रांगेत कुरबुर. जन्मभर मी दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आणि तिथं उभ्या उभ्या मला वाटलं की चूक माझीच असणार. एखाद्या आठवड्याचे पेटीतले पैसे बँकेत भरायचेच राहिले असतील. प्रेमदास गेल्यापासून मी गॅस चालू ठेवून बाहेर गेलेली बाई आहे, माझा मलाच भरवसा नव्हता. दुसऱ्या दिवशी सगळी वस्ती जेवणार होती. मी माझ्या पेन्शनमधून तेवढे पैसे घातले आणि गप्प बसले. आ बैल मुझे मार म्हणतात, ते हेच.

गप्प बसले म्हणजे सगळ्यांपाशी. संध्याकाळी तानाबाईला सांगितलं. तिला नाही सांगायचं तर कोणाला? ती हळहळली, दुसरा कप चहा प्यायली आणि गेली. तानाबाई वाईट बाई नाही, पण तिच्या पोटात काही राहत नाही. आठवडाभरात गोष्ट सगळ्या गल्लीत फिरली आणि मंडळाच्या बैठकीत बायांनी मला विचारलं की पैसे कमी आले होते का. मी हो म्हटलं. भरले कोणी? मी. मग सगळ्यांनी अध्यक्षाकडे पाहिलं. तानाबाईनं पदर सारखा केला, माझ्याकडे न पाहता बोलली.

"खाल्ले नसते तं भरले काऊन असते?"

बैठक तिथंच संपली. आजही रात्री आडवी झाले की तीन-चार चांगली उत्तरं सुचतात, पण त्यांचा आता काय उपयोग?

पुढच्या आठवड्यात मशीन सुरू झालं. पासबुक छापून आणलं तर त्यात सरळ दिसत होतं. खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून बँकेनं तिमाहीमागून तिमाही दंड लावला होता, त्यावर कर लावला होता. खातं शून्याच्या खाली नेऊन ठेवलं होतं आणि आमचे पैसे पडायला लागल्याबरोबर ते सगळं वळतं करून घेतलं होतं. मी पासबुक घेऊन विहारात गेले. मला वाटलं, आता सगळ्या माझ्याभोवती जमतील. काजलनं ते उलटसुलट करून पाहिलं. काजल म्हणजे आमच्यातली सर्वांत शिकलेली सून, शिवणाचे क्लास घेते. ती मला समजावल्यासारखं म्हणाली की काकू, बँक कशाले कापीन, बँक तं व्याज देते. आणि तानाबाई म्हणाली, कोर्टाचा कागद आन, मंग मानू.

खरं सांगते, तो हट्ट मला आवडला. आमच्या माणसांना पुढाऱ्यावर शंका घेता येते, शेजारणीवर तर घेताच येते, पण कायद्याच्या कागदावर येत नाही. समोर भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. त्याच्याखाली बसून कायद्याला खोटं कोण म्हणणार? तेव्हा मी ठरवलं की कायद्याचाच कागद आणून यांच्या पुढ्यात ठेवायचा.

पण तो येईपर्यंतचे दिवस काढायचे होते. वंदनेला जायचे तेव्हा बाया माझ्यासाठी जागा सोडायच्या, जरा जास्तच सोडायच्या. सतरंजीवर माझ्या दोन्ही बाजूंना एक एक माणूस मावेल एवढी. पंचशील सुरू झालं की पहिलं शील नीट पार पडायचं. दुसरं आलं, अदिन्नादाना वेरमणी, न दिलेलं मी घेणार नाही, की कोणाचा तरी आवाज बारीक व्हायचा आणि कोणाची तरी नजर माझ्याकडे यायची. लहानपणापासून म्हणत आलेली ती ओळ मी तोंडातल्या तोंडात म्हणायला लागले. एकदा मी ती म्हटलीच नाही, आणि तेही कोणीतरी पाहिलं. मग मी जाणं सोडलं. विहाराचा भोंगा माझ्या खिडकीपर्यंत ऐकू येतो. स्वयंपाकघरात एकटी उभी राहून मी हात जोडायचे आणि दुसरं शील मोठ्यानं म्हणायचे. ऐकायला पेरूचं झाड.

तानाबाई चहाला यायची बंद झाली, हे सांगायला नकोच. पहिले काही दिवस मी दोघींचं पाणी ठेवत राहिले. सवय होती. मग तेही बंद केलं.

प्रफुल्लला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आई, चार हजारांसाठी कोर्ट? मी आत्ता पाठवतो." लगेच पाठवलेही. मी ते परत पाठवले. ज्याला त्याला वाटत होतं की मला पैसे हवे आहेत. पैसे तर मीच भरले होते.

हरिभाऊ म्हणून एक निवृत्त प्राध्यापक ग्राहकांची प्रकरणं फुकट लिहून देतात. बोलणं तिखट, घर पुस्तकांनी भरलेलं, समोरच्याला वाक्य पुरं करू देत नाहीत. त्यांनी पासबुक पाहिलं आणि खूश झाले. म्हणाले, किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावा, पण त्या दंडानं बचत खातं शून्याच्या खाली नेता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शिवाय आधी कळवावं लागतं. तुम्हाला कळवलं होतं का? मी म्हटलं, मला कोणी काही कळवलेलं नाही. त्यांनी तक्रार लिहिली, मी जिल्हा ग्राहक आयोगात दाखल केली. वकील लागत नाही, एवढ्या रकमेला फीसुद्धा लागत नाही.

तारखा पडत गेल्या. मी इस्त्रीची साडी नेसून जायचे. तिथला पुकारा करणारा माझं पूर्ण नाव घ्यायचा, नवऱ्याच्या नावासकट. घराबाहेर माझं नाव कोणी मोठ्यानं घ्यावं असं ते एकच ठिकाण उरलं होतं. त्यासाठीसुद्धा मी वेळेच्या आधी जाऊन बसायचे, यात लाजण्यासारखं काही नाही. एक वर्षावास असाच गेला. त्या वर्षीचं भोजनदान मी खिडकीतून वासावरून ओळखलं. डब्यात घालून कोणी पाठवलं नाही.

मग बँकेचं उत्तर आलं. वकिलानं लिहिलं होतं की तक्रारदाराचं म्हणणं खोटं आहे, नोंदणीकृत मोबाइलवर दर तिमाहीला संदेश पाठवले होते, आणि दोघींचं खातं असल्यामुळे एकीला कळवणं म्हणजे दोघींना कळवणं. खाली नंबर दिला होता. तो मला पाहावा लागला नाही. दोनच नंबर मला पाठ आहेत, एक प्रफुल्लचा आणि एक हा.

हरिभाऊंना ती सोन्याची खाण वाटली. म्हणाले, या तानाबाईंना इंग्रजी वाचता येत नाही ना? मग त्यांच्याकडून एवढंच लिहून आणा की हे संदेश माझ्या फोनवर इंग्रजीत आले आणि मला समजले नाहीत. बँकेची हवाच निघून जाईल. नाही आणलं तर? तर आयोग म्हणू शकतो की तुम्हाला कळवलं होतं आणि तुम्ही झोपला होता. मी विचारलं, हरलो तर? हरलो तर तुमच्या बायांना जे वाटतं तेच खरं ठरेल, म्हणाले.

मी तानाबाईकडे गेले. कितीतरी महिन्यांनी तिच्या उंबऱ्यावर उभी होते. नाती अभ्यास करत होत्या, सून भाकरी थापत होती, कोण एक पाहुणा खाटेवर पेपर वाचत होता. तानाबाईनं मला पाहिलं आणि उठून मागच्या अंगणात नेलं, जिथं आमचं बोलणं कोणी ऐकणार नव्हतं. मी सगळं सांगितलं. तिनं कमरेचा बटनांचा फोन काढला आणि माझ्या हातात दिला. त्यात शेकडो मेसेज न उघडलेले पडून होते. रिचार्ज, लॉटरी, कर्ज, आणि मधूनमधून बँक.

"कंपनीवाल्याचे असतीन म्हनून मी पाह्यतच नाई," ती म्हणाली. मग तिला कळलं. तिचा चेहरा उतरला तो मी पाहिला. "म्हंजे, हे माह्याजवळच होतं?"

मी म्हटलं की तेवढंच लिहून दे, तुझी काही चूक नाही, इंग्रजी वाचता येत नाही हा गुन्हा नाही. आतून धाकटी नात आजी आजी करत होती.

"मी नाई येत कोर्टात," ती शेवटी म्हणाली. "बाया म्हनतीन, तानाबाईच्या फोनात सारं होतं अन् तानाबाईनंच पौर्णिमाले चोर ठरवलं. मंग माह्याजवळ कोन बसन? सून घरात तरी बसू देईन का मले?" आणि मग माझ्याकडे पाहून, अगदी मायेनं म्हणाली, "तुले एकटं राह्यची सवय आहे, पौर्णिमा. मले नाई जमनार व."

तिच्या गालावर एक वाजवावी असं मला वाटलं. वाजवली नाही. फोन तिच्या हातात दिला आणि घरी आले. त्या संध्याकाळी मी भोंग्याबरोबर काहीच म्हटलं नाही.

ती लिहून देत नसेल तर मी स्वतः लिहून देऊ शकत होते. नंबर कोणाचा, ती बाई कोण, तिनं बैठकीत काय म्हटलं. हरिभाऊंनी कागद पुढे सरकवला होता. मी नाही लिहिलं. मोठं मन वगैरे काही नाही. राग इतका होता की आजही पुरता गेलेला नाही. पण सतरंजीवर दोन्ही बाजूंना मोकळी जागा घेऊन बसणं काय असतं, हे मी पाहिलं होतं. मी ते निभावलं. भरल्या घरातली तानाबाई त्यानं मेली असती. मी हरिभाऊंना म्हटलं की शून्याच्या नियमावरच लढू. ते चिडले, म्हणाले की हातातला हुकमाचा पत्ता तुम्ही टाकून देताय. मी म्हटलं, टाकते.

सुनावणीच्या दिवशी बँकेचा वकील त्या संदेशांवरच बोलत राहिला. मग मी उभी राहिले. मी एवढंच विचारलं की संदेश पाठवले म्हणून नियम मोडायची परवानगी मिळते का? सांगून खिसा कापला तर तो कापला नाही असं म्हणायचं का? आयोगाच्या अध्यक्ष मॅडम लिहिता लिहिता थांबल्या आणि वकिलाला म्हणाल्या, याचं उत्तर द्या. तो कागद चाळायला लागला.

निकाल माझ्या बाजूनं लागला. कापलेले पैसे व्याजासह परत, आणि मनस्ताप झाला म्हणून वर काही. मनस्तापाचा आकडा वाचून मला हसू आलं. तो मोजायला बँकेला माझ्या स्वयंपाकघरात उभं राहावं लागलं असतं.

त्यानंतरच्या पौर्णिमेला मी तो कागद घेऊन विहारात गेले. वंदना झाली, दुसरं शील मी सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं. मग उभी राहून निकाल वाचला. बँकेनं बेकायदा रक्कम कापली, तक्रारदाराचा दोष नाही, हे दोनदा वाचलं. संदेशांचा आणि नंबरचा परिच्छेद आला, तो गाळला. एका दमात पुढच्या पानावर गेले. कोणाच्या लक्षात आलं नाही. मागच्या भिंतीला टेकून बसलेली तानाबाई मात्र मान खाली घालून सतरंजीचे दोरे ओढत राहिली. काजलला कागद फळ्यावर लावायचा होता, तिला मी फक्त शेवटचं पान दिलं.

बाया जवळ आल्या. म्हणाल्या, आम्ही कुठं काय म्हटलं होतं? आम्हाले तं पहिल्यापासून माहीत होतं. माझा हात हातात घेतला. परत आलेल्या पैशांचं काय करायचं यावर चर्चा झाली, आणि नवीन कोषाध्यक्ष म्हणून काजलचं नाव ठरलं. "तुमाले आता कायले तरास, काकू," काजल म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पण डोलावली. निर्दोष सुटलेल्या माणसाकडे पुन्हा डबा द्यायचा की नाही, हे आयोगाच्या हातात नसतं.

घरी आले. कागद कपाटात ठेवला. ज्याच्यासाठी एवढं केलं ते हातात होतं आणि घर होतं तसंच होतं. इतकी एकटी मी प्रेमदास गेला त्या दिवशीसुद्धा नव्हते, तेव्हा निदान माणसं होती.

चार-पाच दिवसांनी, भोंगा सुरू व्हायच्या जरा आधी, फाटक वाजलं. तानाबाई उभी होती. हातात फोन. आत ये म्हणायची वाट न पाहता ती तिच्या नेहमीच्या खुर्चीवर बसली आणि फोन माझ्यापुढे धरला.

"हा वाचून दे ना. काय म्हनते पाह्य."

मी चष्मा लावला. रिचार्ज संपत आला होता. तसं सांगितलं. ती म्हणाली, अजून आहेत. मी दुसरा वाचला, कर्ज मिळेल म्हणत होता. तिसरा, चौथा. मधेच उठून चहाचं पाणी ठेवलं, परत आले, पुन्हा वाचायला लागले. नवे संपून जुने येऊ लागले, आणि ते कुठे जाऊन पोचणार हे आम्हा दोघींना माहीत होतं. ती फोन मागून घेईल म्हणून मी वाट पाहत होते. तिनं तो परत घेतला नाही.

मग तो आला. मी वर पाहिलं.

"वाच," ती म्हणाली.

मी एक एक शब्द मराठी करून वाचला. तुमच्या खात्यात किमान शिल्लक नाही, दंड लावला जाईल. तानाबाई पदरात तोंड घालून ऐकत होती. विहाराचा भोंगा सुरू झाला.

"तुले सवय आहे म्हटलं होतं मी," ती पदरातूनच म्हणाली.

"नाई आहे," मी म्हटलं. "नव्हतीच, तानाबाई."

तिनं डोळे पुसले. उठून आत गेली आणि उकळत्या चहात साखर घालायला लागली, दोन चमचे जास्त. तिथूनच म्हणाली, "पुढचा वाच."